एका भिंगाशी एकनिष्ठ

केवळ कृष्णधवल छायाचित्रे टिपणारा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा लायका कंपनीने २०१२ मध्ये बाजारात आणला आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. नेहमीच्या वापरासाठी भिंग कोणते घ्यावे? शिरवळला कारखान्याची पाळी सुटताना महामार्गावर उतरणारी माणसे किंवा नीरेच्या काठचा संधिप्रकाश टिपू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकारालाही तो पडावा असाच आहे. या प्रश्नाचे उत्तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराच्या आयुष्यात सापडते.

त्यांचा जन्म २२ ऑगस्ट १९०८ रोजी पॅरिसजवळ, सुताच्या व्यवसायात नावाजलेल्या सधन घराण्यात झाला. घरच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. आंद्रे लोत या चित्रकाराकडे ते शिकले आणि चौकटीतील रचनेची शिस्त तेथेच त्यांच्या अंगी बाणली. १९३१ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे जीवघेण्या तापातून ते कसेबसे वाचले. मायदेशी परतल्यावर मार्टिन मुंकाची यांचे, टांगानिका सरोवराच्या लाटांकडे धावणाऱ्या मुलांचे छायाचित्र त्यांनी पाहिले आणि त्यांची वाट बदलली. १९३२ च्या सुमारास मार्सेय येथे त्यांनी लायका विकत घेतला. त्यावर ५० मिलिमीटरचे भिंग होते.

या कॅमेऱ्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. कर्णाच्या जवळपास नाभीय अंतर असलेले भिंग ‘स्टँडर्ड’ मानले जाते. ते ना दृश्य ताणते, ना दूरचे जवळ खेचते. ३५ किंवा ९० मिलिमीटरची भिंगे कार्तिए-ब्रेसाँ यांनी प्रसंगी वापरली. पण ते परतले ते पन्नासकडेच. किती पावलांवरून काय चौकटीत येईल, हे कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच त्यांना उमगत असे. छायाचित्र छाटणे त्यांना मान्य नव्हते. त्याला अपवाद अगदी मोजके. फ्लॅश त्यांनी वर्ज्य मानला आणि कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. पलायनाचे दोन प्रयत्न फसले. १९४३ मध्ये तिसरा यशस्वी झाला. जमिनीत पुरून ठेवलेला लायका त्यांनी उकरून काढला. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘मॅग्नम’ ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ते भारतात आले.

३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्यांनी गांधीजींची भेट घेतली. ते बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. ते धावत परतले. फाटकापाशी पंडित नेहरू जमावाला ती वार्ता सांगत होते. प्रकाश अपुरा, फिल्म मंद, चित्र अस्पष्ट. तरीही त्या रात्रीचा आघात त्यात पुरेपूर उतरला आहे.

आज भिंग निवडणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. कृष्णधवल संवेदकावर रंगांची गाळणी नसते. त्यामुळे त्याला अधिक प्रकाश मिळतो आणि अंधुक उजेडातही तपशील टिकतो. साहजिकच एफ/०.९५ अथवा एफ/१.४ अशा महागड्या, वजनदार भिंगांची निकड उरत नाही. मोठे भिंग रेंजफाइंडरच्या दर्शकाचा कोपराही झाकते आणि पूर्ण उघडल्यावर तसूभर चूकही पोटात घालत नाही. एफ/२ चे साधे ५० मिलिमीटर भिंग पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांतून पिवळा फिल्टर जरूर घ्यावा. या कॅमेऱ्यात रंगांची नोंदच होत नसल्याने आकाश गडद करण्याचे काम नंतर संगणकावर रंगांच्या आधारे करता येत नाही.

१९७० च्या दशकात कार्तिए-ब्रेसाँ यांनी कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि ते चित्रकलेकडे वळले. ३ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भिंगे बदलण्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे वा मागे सरकण्याची सवय त्यांनी आयुष्यभर जपली. शिरवळच्या फाट्यावर उभे राहणाऱ्यालाही ती सवय लावून घेता येईल, आणि तिला पैसे पडत नाहीत.