अंगुलिमालाचं फुटलेलं भिक्षापात्र

विहारात मुलांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतात, ती बहुतेक वेळा जंगलातच संपते. दरोडेखोर शस्त्र टाकतो, तथागतांना शरण जातो, सगळे साधुकार देतात. मज्झिम निकायातलं सुत्त मात्र तिथे थांबत नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांबरोबर काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना पुढचाच भाग जास्त जवळचा वाटतो.

त्याच्या वडिलांचं नाव गग्ग, आईचं मंतानी. त्याचं नाव अहिंसक. तक्षशिलेत मत्सरी सहाध्यायांनी गुरूचे कान भरले आणि गुरूने हजार बोटांची गुरुदक्षिणा मागितली, हे अट्ठकथा सांगते. सुत्तात ही सबब नाही. त्याने गावंच्या गावं ओस पाडली, एवढंच तिथे आहे.

कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला. वाटेत तो तथागतांना भेटायला गेला, तर अंगुलिमाल तिथेच चीवर घालून बसलेला. राजा आधी घाबरला. मग दंड आणि शस्त्राने आपल्याला जे जमलं नाही ते इथे घडलं, हे त्याने कबूल केलं आणि तो परत गेला. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा घेतली, ती गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या भागात.

पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला प्रसववेदनांत अडलेली एक बाई दिसली. जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही, या सत्याच्या बळावर तिचं कल्याण होवो, असं जाऊन म्हण, हे तथागतांनी सुचवलं. ते खोटं ठरेल, असं तोच म्हणाला. मग अरिय जन्म झाल्यापासून, अशी दुरुस्ती झाली. थेरवादी देशांत गरोदर स्त्रियांसाठी हे परित्त आजही म्हणतात. आधीचा जन्म पुसायचा नाही, नाकारायचाही नाही. सुधारणा म्हणतात ती आम्हाला इथे दिसते.

नंतर तो अर्हत झाला. तरीही श्रावस्तीत भिक्षेला गेल्यावर कुणाचं ढेकूळ अंगावर आलं, कुणाचं दांडकं. डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. हे सहन कर, असं तथागतांनी सांगितलं. फेकणारे कोण, हे सुत्त सांगत नाही. त्यात कुणाचा भाऊ, कुणाची आई असणार, असं आम्हाला वाटतं. राजाने माफ केलं, पण त्यांना कुणी विचारलं होतं?

आपला तुरुंगही त्यांना विचारत नाही. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्याला सुधारायचं म्हणजे काय करायचं? आणि ज्याचा सिद्ध झाला, तो शिक्षा भोगून त्याच वस्तीत परततो, तेव्हा ढेकळं तयारच असतात. रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणजे गुन्हा करणारा, ज्याचं नुकसान झालं तो आणि वस्ती यांना, सगळ्यांची तयारी असेल तर, समोरासमोर बसवणं. झालेलं कबूल करून भरपाई ठरवणं. कायद्याच्या पुस्तकात याला फार कमी जागा आहे. वस्तीतल्या विहारात ती करता येईल.

थेरगाथेत अंगुलिमालाच्या गाथा आहेत. आपल्या वैऱ्यांनीही धम्म ऐकावा, अशी इच्छा तो तिथे व्यक्त करतो. त्यांची आणि त्याची भेट कुणी घडवली का, याचा उल्लेख त्या गाथांत नाही.