दोन वर्षं एकही नांगर खपला नाही

मागच्या वर्षी आमच्या टीमने शेतकऱ्यांसाठी एक ॲप बनवलं. पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी करायची, ते सांगणारं. आटपाडीकडच्या एका गावात जाऊन आम्ही स्वतः लोकांच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. महिन्याभरात जवळपास सगळ्यांनी काढून टाकलं. मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला की शेतकरी अजून तयार नाहीत. मीसुद्धा मान डोलावली. त्याच आठवड्यात मी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचत होतो आणि आपण मान उगाच डोलावली असं वाटायला लागलं.

किर्लोस्कर म्हटलं की तुम्हाला पंप आठवेल. पण या माणसाला आधी चित्रकार व्हायचं होतं. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंग सुटले, मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवायला लागले. सोबत मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायच्या, असा जोडधंदा होता. बढतीच्या वेळी डावलल्यावर नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. अमेरिकन मासिकं वाचून आणि यंत्रं उघडून बघत ते शिकले. (आपण यूट्यूबवर शिकतो तसंच, फक्त पुढचा अंक बोटीने यायचा.)

पहिलं यंत्र कडबा कापायचं. आमच्या कमी पावसाच्या भागात ज्वारीचा कडबा म्हणजे जनावरांचा वर्षभराचा डबा. अख्खी ताटं टाकली की जनावर पाला खातं आणि जाड बुडखा सोडून देतं. बारीक तुकडे केले की तोच कडबा जास्त दिवस पुरतो.

मग आला लोखंडी नांगर. त्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. लाकडी नांगर जमीन चिरतो, म्हणजे चर पडतो पण माती जागच्या जागीच राहते. भारी काळ्या रानात तो ओढायला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागायच्या, कधी त्याहून जास्त. म्हणून तर इर्जिक घालायची, सगळ्या गावाने आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचं. लोखंडी नांगराला फाळाच्या वर एक वळवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्याच्यावरून सरकते आणि उलटी पडते. हरळीची मुळं वर येतात आणि उन्हात वाळून मरतात. उन्हाळ्यात अशी नांगरट झालेली असेल तर वळवाचा पाऊस वाहून न जाता ढेकळांत मुरतो. वर्षाला मोजके पाऊस पडणाऱ्या मुलखात या मुरण्यावरच शाळू उभा राहतो. अर्थात दरवर्षी खोल नांगरायचं नसतं, आणि माळाच्या उथळ रानात तर खोल गेलात की मुरूमच वर येतो.

एवढा चांगला नांगर, तरी पहिला विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. बहुतेक लेखांत ही गोष्ट इथेच संपते. शेतकरी अडाणी, उद्योजक चिकाटीचा!

मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर? जायचं कुणाकडे? फाळ हा नांगराचा सगळ्यात लवकर झिजणारा भाग. पेरणीच्या तोंडावर तो गेला आणि बदली मिळाला नाही, तर त्या घराचं वर्ष बुडतं. विषाची समजूत असेलही, पण तिच्यामागे हा साधा हिशोब असणार असं मला वाटतं. विलायतेहून येणारे नांगर तेव्हा होतेच. किर्लोस्करांच्या नांगराचा फरक असा की तो बनवणारा माणूस आणि त्याची भट्टी याच मुलखात होती.

तीही सहज टिकली नाही. बेळगावात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. 10 मार्च 1910 ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली, कारखान्याबरोबर कामगारांची घरंसुद्धा. गुन्हेगार ठरवून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी तिथे राखणदार नेमलं होतं. हे वाचताना मी थांबलो. आमच्या ऑफिसात पेनड्राइव्ह आणायलाही परवानगी लागते.

चार वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी कच्चं लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. मग दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. उसाचे चरक, पंप, मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आला, 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना. दुष्काळी भागात विहिरीवरच्या पंपाने नांगरापेक्षा जास्त फरक पडला, हेही खरं. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

आमच्या ॲपचं म्हणाल तर परवा त्या गावात पुन्हा जाऊन आलो. एका काकांनी कारण सांगितलं. फवारणी करा असं ॲपने सांगितलं, यांनी केली, तासाभरात पाऊस आला आणि औषध वाहून गेलं. ते कुणाला सांगायचं, तेच त्यांना कळेना. ॲपमध्ये आमचा फोन नंबर नव्हता. फीडबॅकचं बटण होतं, पण इंग्रजीत.

परत येताना आजोळी थांबलो. गोठ्यामागे एक लोखंडी नांगर ट्रॅक्टर आल्यापासून पडून आहे. सगळा गंजलाय, पण जागेवर आहे. फाळ तेवढा कुणीतरी काढून नेलाय.