वचनातून प्रार्थनेकडे : जॉर्ज म्युलर

ब्रिस्टलच्या अनाथ मुलांचे पालक म्हणून जग ज्यांना ओळखते, त्या जॉर्ज म्युलर यांचे तारुण्य संतचरित्रात शोभणारे मुळीच नव्हते. २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियात जन्मलेल्या या मुलाने वडिलांच्या ताब्यातील सरकारी पैशांवर हात मारला. आईने प्राण सोडला त्या रात्री तो पत्ते कुटत बसला होता. सोळाव्या वर्षी सरायीचे पैसे बुडवल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला. धर्मोपदेशकाला सुखाची मिळकत असते, या वडिलांच्या हिशेबापोटी तो धर्मशास्त्र शिकण्यासाठी हाले विद्यापीठात दाखल झाला. तिथे १८२५ मध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस त्याने प्रथमच पाहिला आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली.

१८२९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि १८३२ पासून ब्रिस्टल हीच त्यांची कर्मभूमी झाली. वेतन त्यांनी आधीच सोडले होते. १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात त्यांनी अनाथाश्रम सुरू केला. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज केवळ देवापुढे मांडायची, हा त्यांचा नियम होता. १८३८ पासून तर आश्रमाची तिजोरी वारंवार रिकामी पडू लागली. अशा माणसाची प्रार्थनाच कोरडी पडली तर मुलांच्या भाकरीचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुरता केवळ आध्यात्मिक नव्हता.

आणि ती कोरडी पडत होती. पहाटे उठल्याबरोबर ते प्रार्थनेला बसत, पण मन भरकटत राही. कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास नुसता निघून जाई आणि मग कुठे खरी प्रार्थना सुरू होई. १८४१ च्या वसंत ऋतूत नेल्सवर्थ येथे मुक्कामी असताना त्यांनी हा क्रमच बदलला. देवाची थोडक्यात करुणा भाकून ते आधी नवा करार उघडू लागले. एकेक वचन सावकाश वाचायचे, ते आपल्याला लागू करून पाहायचे. इथे उद्देश प्रवचनाची टिपणे काढण्याचा नव्हता, स्वतःच्या जिवाला अन्न मिळवण्याचा होता. एखाद्या ओळीने आपली चूक दिसली की तिथेच कबुली द्यायची, दुसरीने उपकार आठवले की आभार मानायचे, तिसरीत कोणी गरजू डोळ्यांपुढे आला की त्याच्यासाठी मागायचे आणि मग पुढच्या ओळीकडे वळायचे. त्यामुळे तयार शब्दांची उणीव उरली नाही. प्रार्थना रोजच्या वाचनातूनच आकाराला येऊ लागली. पुढे उतारवयापर्यंत त्यांनी हा क्रम चालवला.

दरवर्षी अहवाल छापणे हेही अप्रत्यक्ष मागणेच नव्हे काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु १८४१ च्या अखेरीस, नेमक्या टंचाईच्या दिवसांत, त्यांनी अहवाल आणि जाहीर सभा काही महिने लांबणीवर टाकली, हेही नोंदवायला हवे.

पुढचा विस्तार सुपरिचित आहे. १८४९ ते १८७० या काळात ॲशली डाउनवर पाच भव्य इमारती उभ्या राहिल्या. त्यांत २,०५० मुलांची सोय होती आणि त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुले तिथे वाढली. सत्तरीनंतर सुमारे सतरा वर्षे त्यांनी देशोदेशी प्रवास केला. त्यात भारतही होता. १० मार्च १८९८ रोजी ते निवर्तले, तेव्हा लक्षावधी पौंड हातांतून गेलेल्या या माणसाची स्वतःची मालमत्ता सुमारे १६० पौंडांची निघाली.

म्युलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले होते. माणसांपुढे हात न पसरता असे कार्य हिंदुस्थानात चालू शकेल काय, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. केडगावचे मुक्ती मिशन त्याच श्रद्धेवर उभे राहिले आणि रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथेच बायबल मराठीत आणण्यात घालवली.