पोलादाचे स्वप्न

ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या गावांतून रोज शेकडो आगगाड्या धावतात. त्या ज्या रुळांवरून धावतात ते रूळ पोलादाचे असतात. तुम्ही घरी ज्याला फौलाद म्हणता, त्यालाच मराठीत पोलाद म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ फारसी भाषेत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. पण त्या गाडीचे इंजिन आणि तिचे लोखंडी रूळ विलायतेहून जहाजाने आणावे लागले होते. त्या वेळी जमशेटजी टाटा हे चौदा वर्षांचे होते. पुढे याच मुलाने आपल्या देशात पोलाद तयार करण्याचे स्वप्न पाहिले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. वडिलांच्या पेढीत त्यांनी व्यापाराचे धडे घेतले. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपूर येथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली. जवळच कापूस पिकतो, मग गिरणी मुंबईतच कशाला हवी, असा त्यांचा साधा विचार होता. ती गिरणी भरभराटीला आली. एवढ्यावर समाधान मानून ते सुखाने राहू शकले असते. पण त्यांचा तो स्वभाव नव्हता.

१८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, लोहारा या गावाजवळ उत्तम लोहखनिज आहे, असे त्यात लिहिले होते. जवळच वरोरा येथे कोळशाच्या खाणी होत्या. खनिज आहे, कोळसा आहे, मग कारखाना का निघू नये? जमशेटजींच्या मनाने उचल घेतली.

मित्रांनो, इथे थोडे विज्ञान समजून घ्या. खनिजात लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. त्यांना वेगळे करण्यासाठी झोतभट्टीत खनिजाबरोबर कोक घालतात. विशिष्ट प्रकारचा दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला म्हणजे कोक मिळतो. हा कोक कठीण असावा लागतो, नाहीतर खनिजाच्या ओझ्याखाली त्याचा भुगा होतो आणि भट्टीत हवा खेळत नाही. भट्टीतून निघालेल्या लोखंडात कार्बन फार असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते. हा जास्तीचा कार्बन काढून टाकला की चिवट, मजबूत पोलाद तयार होते.

जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत नेऊन तपासून घेतला. तो या कामाला उपयोगी नाही, असे ठरले. शिवाय खाणींसाठी सरकारने घातलेल्या अटी जाचक होत्या. जमशेटजींना तो बेत सोडावा लागला. बेत सुटला, पण स्वप्न सुटले नाही. पुढील सतरा वर्षे ते त्यांच्या मनात जागे होते.

१८९९ मध्ये सरकारने खाणींचे नियम सैल केले. जमशेटजींनी लंडनला जाऊन भारतमंत्र्यांची भेट घेतली आणि सरकारची अनुकूलता मिळवली. १९०२ साली ते अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते आणि प्रकृतीही ठीक नव्हती. तरीही ते एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे भट्ट्या आणि कारखाने पाहत हिंडले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी चार्ल्स पेज पेरिन या तज्ज्ञाची भेट घेतली. पेरिन यांनी आपले सहकारी वेल्ड यांना खनिजाच्या शोधासाठी भारतात पाठवले.

त्याच वर्षी त्यांनी आपला मुलगा दोराबजी यास एक पत्र लिहिले. कारखान्याची जागासुद्धा ठरली नव्हती, पण कामगारांचे गाव कसे असावे हे त्यांनी त्यात सांगितले. रस्ते रुंद असावेत, त्यांच्या कडेला सावली देणारी झाडे असावीत, हॉकी आणि फुटबॉलसाठी मोकळी मैदाने असावीत. आणि मंदिर, मशीद व चर्च या सर्वांसाठी जागा राखून ठेवावी, असे त्यांनी कळवले. पोलादाआधी त्यांना माणूस दिसत होता.

दोराबजी आणि वेल्ड यांनी चांद्याचे जंगल बैलगाडीतून पालथे घातले. मोठ्या कारखान्याला पुरेल असे काही तेथे मिळाले नाही. निराश झालेल्या दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात एक नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या टेकड्या असल्याचे त्यात दाखवले होते. त्या दल्ली-राजहराच्या टेकड्या होत. खनिज उत्कृष्ट होते, पण कारखान्याच्या इतर सोयी तेथे नव्हत्या. त्याच सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे पत्र आले होते. मयूरभंज संस्थानात लोहखनिजाचा मोठा साठा असल्याचे त्यांनी कळवले होते. तेथून झरियाचा कोळसाही जवळ होता.

पण हे पाहायला जमशेटजी उरले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

काम मात्र थांबले नाही. १९०७ साली भांडवलासाठी भारतीय जनतेला आवाहन करण्यात आले. स्वदेशीच्या चळवळीने लोक भारावले होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी पैसे गुंतवले. साकची या खेड्यात कारखाना उभा राहिला. रेल्वेचे एक बडे इंग्रज अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांचा यावर विश्वास नव्हता. टाटांनी चांगल्या दर्जाचे रूळ तयार केले, तर ते सगळे आपण खाऊन दाखवू, अशी थट्टा त्यांनी केल्याचे सांगतात. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी कारखान्यात पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला. पहिल्या महायुद्धात येथून सुमारे १५०० मैल लांबीचे रूळ मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराककडे गेले. अपकॉटसाहेबांना मात्र ते खावे लागले नाहीत! १९१९ साली साकचीचे नाव जमशेदपूर झाले.

त्यानंतर पोलाद सतत बदलत आले आहे. ठाण्याजवळ कळवा येथे मुकंद कंपनीने अनेक वर्षे विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद केले. तुमच्या परिसरात नवी इमारत बांधताना टीएमटी सळया येतात. ठाण्यात टीएमटी म्हणजे बस. पण या सळया वेगळ्या! लालभडक सळई बाहेर येताच तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. वरचा थर कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. म्हणून भूकंपाच्या हादऱ्यातही ती सहसा एकदम तुटत नाही.

कोकमुळे मात्र हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळतो. कोकऐवजी हायड्रोजनने खनिजातील ऑक्सिजन काढला, तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. एप्रिल २०२३ मध्ये जमशेदपूरच्या एका झोतभट्टीत कोकबरोबर हायड्रोजन सोडून पाहण्याचा प्रयोग झाला. आधी तपासायचे, मग उभारायचे, ही जमशेटजींचीच रीत नव्हे का?

आता नागपूरचा तो नकाशा आठवा. दल्ली-राजहराच्या त्याच टेकड्यांचे खनिज पुढे अनेक दशके भिलाईच्या सरकारी कारखान्याने वापरले. भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा हाच प्रमुख कारखाना आहे. जमशेटजींनी सुरू केलेला शोध त्यांच्या कारखान्यालाच नव्हे, तर साऱ्या देशाला उपयोगी पडला. झाड लावणाऱ्याला सावली मिळतेच असे नाही. पण म्हणून झाड लावायचे थांबवू नये.

स्वाध्याय
१. वरोऱ्याचा कोळसा जमशेटजींच्या उपयोगी का पडला नाही?
२. कामगारांचे गाव कसे असावे, असे जमशेटजींनी दोराबजींना कळवले?
३. तुमच्या घरातील आणि शाळेतील पोलादाच्या पाच वस्तूंची नावे लिहा.