स्वतः जाणारे कमिशनर

२६/११ झालं तेव्हा आपल्यातले बरेचजण बालवाडीत होते, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. त्यामुळे अशोक कामटे हे नाव आपल्याला भेटतं ते दर २६ नोव्हेंबरला, कुणाच्या तरी स्टेटसवर. पण मोडनिंबच्या स्टँडवर सोलापूरची एसटी पकडणाऱ्या आपल्यासाठी हे नाव फक्त मुंबईचं नाही. मुंबईला बदली होण्याआधी कामटे सोलापूर शहराचे पोलीस आयुक्त होते. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, चेहरा लगेच खुलतो.

जन्म २३ फेब्रुवारी १९६५चा. आजोबा पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर, वडील लष्करात. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये. पॉवरलिफ्टिंगचं जबरदस्त वेड. १९८९च्या बॅचमधून ते आयपीएस झाले. भंडारा, सांगली अशा ठिकाणी काम केलं, मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर बोस्नियालाही जाऊन आले.

सोलापुरातली २००७ची एक गोष्ट आजही सांगितली जाते. शेजारच्या कर्नाटकातल्या एका आमदाराच्या वाढदिवसाचा दणदणाट रात्री उशिरापर्यंत चालला होता. एखादा हवालदार पाठवून कामटेंना मोकळं होता आलं असतं. ते स्वतः गेले. बाचाबाची झाली, प्रकरण हातघाईवर आलं आणि आमदारांना अटक झाली. बळ जास्त वापरलं, अशी टीकाही झाली. पण रात्री दहानंतरचा नियम आमदारालाही लागू होतो, हे शहराने त्या रात्री पाहिलं.

२००८मध्ये ते मुंबईत पूर्व विभागाचे अपर पोलीस आयुक्त झाले. २६ नोव्हेंबरच्या रात्री हल्ला झाला तो दक्षिण मुंबईत, म्हणजे त्यांच्या हद्दीबाहेर. बोलावणं आलं आणि ते निघाले. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे आणि विजय साळसकर भेटले. तिघं एकाच क्वालिसमधून निघाले. रंगभवनच्या गल्लीत कसाब आणि त्याच्या साथीदाराने गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला. कामटेंनीही गोळ्या झाडल्या, कसाब हाताला जखमी झाला. गाडीतल्या सात जणांपैकी एकच पोलीस वाचला. कामटे तेव्हा ४३ वर्षांचे होते. २६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

स्टेटस इथंच संपतं. गोष्ट मात्र पुढे आहे. कामाजवळ जादा कुमक वेळेत का पोचली नाही, जखमी अधिकाऱ्यांना मदत कधी मिळाली, हे प्रश्न त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी सोडले नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करून त्यांनी कंट्रोल रूमच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. त्यातून ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९मध्ये आलं.

म्हणजे ज्या खात्यासाठी नवऱ्याने जीव दिला, त्याच खात्याला त्यांनी हिशोब विचारला. हा अनादर नव्हे, हीच खरी आठवण. आणि तो अर्ज आपणही करू शकतो. दहा रुपये फी, साधा कागद. गावातल्या रस्त्याचं असो की कॉलेजच्या स्कॉलरशिपचं, उत्तर मागायचा हक्क आपल्यालाही आहे.

येत्या २६ नोव्हेंबरला स्टेटस ठेवाच. सोबत एखादा अर्जही टाका.