सार्वजनिक काका

परकी सत्तेशी सामना म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे तलवार नाही तर तुरुंग उभा राहतो. ज्यांना सारे पुणे सार्वजनिक काका म्हणे, त्या कै. गणेश वासुदेव जोशी यांच्या चरित्रात ह्यांतले काहीच नाही. त्यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पुढे ते पुण्यास आले आणि वकील झाले. घराण्याचे वैभव वा दरबारी मान त्यांच्यापाशी नव्हता.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्याची दाद मागण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ पाहणाराने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम असे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांपाठीमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असे साहेबाने विचारल्यास उत्तर कागदावर तयार! नुसती वर्गणी भरून सभासद होणाऱ्या आम्हां सर्वांस हा नियम जड गेला असता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. ते स्वतः सूत काढीत आणि खादीच वापरीत. महात्माजी त्या वेळी अवघे सवादोन वर्षांचे होते, हे आम्ही वर्गात सांगितले की मुले चकित होत. पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीही स्त्रीविचारवती सभा स्थापिली. १ जानेवारी १८७७ रोजी, दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत असता, दिल्लीस मोठा दरबार भरला. तेथे राजेरजवाड्यांच्या जरतारी पोशाखांत काका सभेचे प्रतिनिधी म्हणून पांढऱ्या जाड्याभरड्या खादीतच गेले.

परंतु आमच्या मते त्यांची खरी कसोटी १८७९ साली लागली. सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले व पुण्यास खटला उभा राहिला. सरकारचा संशय इतका की रानड्यांसारख्या न्यायाधीशाचीही धुळ्यास बदली झाली. फडक्यांचे वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना. बंडाचा मार्ग काकांचा नव्हे. त्यांची सारी हयात अर्ज, सभा आणि सनदशीर खटपटी ह्यांत गेलेली. तरीही आरोपीची बाजू मांडली गेलीच पाहिजे म्हणून ते उभे राहिले.

फडक्यांस जन्मठेप झाली. २५ जुलै १८८० रोजी काका बावन्नाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांचे अशील एडनच्या तुरुंगात होते.