इमोलाची भिंत आणि आयर्टन सेन्ना

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या वार्षिकांकात थोरांची चरित्रे दरवर्षी छापून येतात. त्यांत संत असतात, समाजसुधारक असतात, स्वातंत्र्यसैनिक असतात. आणि ते योग्यच आहे. जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या, दुसरबीडसारख्या गावातल्या मुलाने मोटारी पळवणाऱ्या एका ब्राझिली माणसाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न गुरुजनांना आणि मित्रांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, एवढेच येथे सांगतो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मोटार आमच्या दारात कधी उभी राहिली नाही. पण मोटारींचा वेग मात्र आता आमच्या शिवारातूनच जातो.

शर्यत म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. शंकरपटात जोडी सुटली की धुरकऱ्याचा जीव मुठीत असतो आणि बघणाऱ्यांचा घशात. फॉर्म्युला वन ही मोटारींची शर्यत तशीच, फक्त वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. गाडीत एकच माणूस बसतो. तो ठरावीक मार्गावर पन्नास-साठ फेऱ्या मारतो आणि दर फेरीत तीच वळणे पुन्हा पुन्हा घेतो. एका वळणावर क्षणभर चूक झाली, तर पुढे काय उभे आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. मोकळे रान असेल तर तो वाचतो. भिंत असेल तर वाचेलच असे नाही.

आयर्टन सेन्ना दा सिल्वा याचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो या महानगरात झाला. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा मोटारींचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता, शेतीवाडीही होती. घर सुखवस्तू होते. लहानपणी मात्र हा मुलगा चालताना अडखळे, पायऱ्यांवर धडपडे. वडिलांनी तो चार वर्षांचा असताना गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून त्याला एक छोटी गाडी करून दिली. तिच्यात बसल्यावर धडपडणारे पोर एकाएकी स्थिर झाले. तेराव्या वर्षी, १९७३ मध्ये, त्याने 'कार्ट' नावाच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींत उतरायला सुरुवात केली.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. पावसात झालेल्या एका शर्यतीत तो सपशेल मागे पडला. त्यानंतर पाऊस आला की इतर मुले घरी पळत आणि हा गाडी घेऊन ओल्या मार्गावर जाई. ज्या विषयात नापास झालो तोच विषय रोज वाचायचा, असा हा प्रकार! पुढे पाऊस हीच त्याची ओळख झाली. १९८४ साली त्याने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले, तेही टोलमन नावाच्या दुबळ्या संघाकडून. त्याच वर्षी मोनॅकोच्या धो धो पावसात तो तेराव्या जागेवरून निघून दुसरा आला. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १९८५ रोजी, पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे अशाच पावसात त्याने लोटस संघासाठी पहिला विजय मिळवला.

त्याआधी १९८१ मध्ये तो इंग्लंडला जाऊन तिथल्या लहान शर्यती जिंकू लागला होता. पण घरच्यांची इच्छा त्याने कारखाना सांभाळावा अशी होती. तो परतही गेला, मात्र मन रमेना, म्हणून पुन्हा इंग्लंडला आला. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखे घरोघरी आढळते. म्हणून त्याने आईचे माहेरचे सेन्ना हे नाव लावले आणि तेच जगभर झाले.

१९८८ मध्ये मॅकलॅरन संघात येऊन तो पहिल्यांदा विश्वविजेता झाला. नंतर १९९० आणि १९९१ मध्ये पुन्हा. एकूण १६१ शर्यतींत ४१ विजय, आणि ६५ वेळा सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात. १९९१ मध्ये स्वतःच्या गावी, साओ पाउलोला, जिंकताना त्याच्या गाडीचे इतर गिअर निकामी झाले आणि शेवटच्या फेऱ्या त्याने एकट्या सहाव्या गिअरवर काढल्या. शर्यत संपली तेव्हा हात इतके आखडले होते की विजयचषक उचलणेही त्याला जड गेले.

चरित्र लिहायचे तर नायकाचा दोष झाकू नये. अ‍ॅलन प्रोस्ट हा फ्रेंच चालक त्याचा संघसहकारी आणि सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. १९८९ मध्ये जपानच्या सुझुका येथे दोघांच्या गाड्या एकमेकींना भिडल्या आणि विजेतेपद प्रोस्टला गेले. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, पहिल्याच वळणावर, सेन्नाने प्रोस्टच्या गाडीला धडक दिली. ती जाणूनबुजून दिली होती हे त्याने वर्षभराने कबूल केले. ताशी दोनशेहून अधिक वेगात असे वागणे म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ होता. त्याच्या विजयाच्या हव्यासाला ही काळी कडा आहे.

पण त्याच माणसाची दुसरी बाजूही आहे. १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावात एरिक कोमास या चालकाची गाडी आदळली आणि तो बेशुद्ध पडला. मागून येणाऱ्या सेन्नाने स्वतःची गाडी थांबवली, भर मार्गावरून धावत जाऊन कोमासच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचे डोके धरून ठेवले. दुसऱ्याच्या अपघाताशी आपला काय संबंध, असे तो मानत नव्हता.

आता मी वाचकांना इटलीतील इमोला या गावी नेतो. मी तिथे गेलेलो नाही. माझी तिथली यात्रा वाचनाची आणि मोबाईलवरच्या नकाशाची. तरीही नकाशावर बोट फिरवून फिरवून त्या गावाच्या वाटा मला आपल्या बाजारपेठेसारख्या पाठ झाल्या आहेत.

इमोला सुमारे ७० हजार वस्तीचे गाव आहे, म्हणजे साधारण आपल्या बुलढाणा शहराएवढे. गावातून व्हिया एमिलिया हा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन रस्ता जातो. एक जुना किल्ला आहे. थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १५०२ मध्ये या गावाचा नकाशा काढला होता. गावाच्या कडेने सांतेर्नो नदी वाहते आणि नदीपलीकडे टेकडी, बाग, घरे यांच्यामधून शर्यतीचा सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग वळसे घेत जातो. तो १९५३ मध्ये सुरू झाला. फेरारी मोटारींचे जनक एन्झो आणि त्यांचा तरुणपणी वारलेला मुलगा दिनो यांची नावे त्याला दिली आहेत.

या मार्गावर तांबुरेलो नावाचे एक डावे वळण होते. तिथे गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने जात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटची भिंत होती आणि भिंतीमागे नदी. १९८७ मध्ये नेल्सन पिके हा चालक तिथे आदळून जखमी झाला. १९८९ मध्ये गेरहार्ड बर्गरची गाडी तिथेच आदळून पेटली. सुरक्षारक्षकांनी अर्ध्या मिनिटाच्या आत आग विझवली म्हणून तो वाचला. बर्गर आणि सेन्ना मित्र होते. दोघे नंतर त्या भिंतीजवळ जाऊन आले, मागे नदी पाहिली आणि भिंत सरकवता येणार नाही असे मानून परतले. ही हकीगत पुढे बर्गरने सांगितली आहे. धोका सर्वांना दिसत होता. नदीकडे बोट दाखवून सगळे गप्प बसले.

१९९४ च्या एप्रिलअखेर याच मार्गावर शर्यतीचे तीन दिवस आले. शुक्रवारी, २९ तारखेला, रुबेन्स बारिकेलो हा तरुण ब्राझिली चालक जाळीवर आदळला, तो बचावला. शनिवारी रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा चालक भिंतीवर आदळून मरण पावला. तो ३३ वर्षांचा होता. अनेक वर्षे धडपडून त्याच मोसमात या शर्यतींत पोहोचला होता. सेन्ना अपघाताच्या जागी जाऊन आला. रविवारी सकाळी त्याने इतर चालकांशी बोलून, चालकांच्या सुरक्षेसाठी त्यांची संघटना पुन्हा उभी करण्याचे ठरवले. शर्यतीला निघताना त्याने ऑस्ट्रियाचा झेंडा सोबत घेतला होता. जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता.

१ मे १९९४. सातव्या फेरीत, सर्वांत पुढे असताना, तांबुरेलोच्या वळणावर सेन्नाची गाडी वळलीच नाही. ती सरळ जाऊन त्या भिंतीवर आदळली. तुटलेल्या चाकाच्या जोडणीचा भाग त्याच्या शिरस्त्राणातून आत घुसला. त्याच संध्याकाळी बोलोन्याच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. वय अवघे ३४ वर्षे. ज्या कोमासला त्याने स्पा येथे वाचवले होते, तो अपघाताचे दृश्य पाहून शर्यत सोडून निघून गेला. गाडीत तो झेंडा तसाच सापडला.

ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पाउलोचे रस्ते माणसांनी भरून गेले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्टही होता. रात्झेनबर्गरच्या अंत्यविधीला ऑस्ट्रियात तुलनेने थोडे लोक जमले. जगाचे लक्ष ब्राझीलकडे असताना मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली मात्र ऑस्ट्रियाला गेले.

आणि मग जे अशक्य म्हटले जात होते ते वर्षभरात झाले. नदी जागची हलली नाही, पण मार्ग बदलता आला! १९९५ पर्यंत तांबुरेलोचे ते वेगवान वळण मोडून तिथे सावकाश घ्यावी लागणारी डावी-उजवी वळणे केली गेली. रात्झेनबर्गर ज्या वळणावर गेला तेही बदलले. इंजिने लहान केली. चालकाच्या डोक्याभोवतीच्या बाजू उंच केल्या. २००३ मध्ये मानेला आधार देणारे साधन आणि २०१८ मध्ये डोक्यावरचे संरक्षक कडे सक्तीचे झाले. सेन्नानंतर वीस वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकही चालक दगावला नाही. २०१४ मध्ये जपानला जखमी झालेला जूल्स बियांकी २०१५ मध्ये गेला, तेव्हा पुन्हा चौकशी झाली, पुन्हा नियम बदलले.

त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण व्हिव्हियान हिने १९९४ मध्येच त्याच्या नावाने संस्था काढली. गरीब मुलांसाठी काहीतरी करावे असे तो तिच्याशी बोलला होता. ती संस्था ब्राझीलच्या सरकारी शाळांतील मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. त्याच्या गाडीचा वेग ज्यांनी कधी पाहिला नाही अशी मुले त्याच्या नावाने शिकतात. सरकारी शाळेतून इथवर आलेल्या मला हे त्याच्या तीन विजेतेपदांहून मोठे वाटते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, शेवटचा ५ जून २०२५ रोजी. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आमच्या लोकांनी आयुष्यात न पाहिलेला वेग तिथे दिवसरात्र वाहतो. तो रस्ता पूर्ण होण्याआधीच, २० ऑगस्ट २०२१ रोजी, दुसरबीडजवळ त्याच्या कामावरचे मजूर नेणारा, लोखंडी सळयांनी भरलेला टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. रस्ता सुरू झाल्यावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ एक बस आदळून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी मृत्यू पावले.

अपघात झाला की पारावर एकच शब्द ऐकू येतो : नशीब. त्यांची वेळ भरली होती, असे म्हणून माणसे उठतात. इमोलातही पिके जखमी झाला, बर्गर होरपळला, तेव्हा नदीचे निमित्त सांगून सर्वजण असेच उठले होते. फरक पडला तो नंतर. कुठे आदळला, का वळला नाही, समोर काय होते, गाडीचा कोणता भाग तुटला, असे प्रश्न एकेका मृत्यूमागे विचारले गेले आणि उत्तरे मिळाली तिथे मार्ग बदलला, गाडी बदलली, नियम बदलले. फॉर्म्युला वनच्या गाड्या आजही भयंकर वेगाने धावतात. म्हणजे वेग सोडावा लागला नाही, भिंती मात्र सोडाव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. हे सारे बदल होण्यासाठी जगप्रसिद्ध माणूस मरावा लागला. एकटा रात्झेनबर्गर गेला असता तर तांबुरेलोची भिंत कदाचित तशीच राहिली असती. सळयांवर बसून कामाला जाणाऱ्या त्या तेरा मजुरांना कोण ओळखत होते? पोटासाठी दूरच्या राज्यांतून ते आपल्या मातीत आले होते. त्यांच्या नावाने राष्ट्रीय दुखवटा नव्हता. म्हणून त्यांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम आपल्याकडे, शिकणाऱ्या मुलांकडे, येते असे मला वाटते. मजुरांना मालावर का बसवले जाते? रात्री चालकाला विसावा मिळतो का? बसमधून बाहेर पडायची वाट मोकळी असते का? एवढे विचारायला फार मोठी पदवी लागत नाही.

इमोलात त्या वळणाजवळच्या बागेत १९९७ पासून सेन्नाचा ब्राँझचा पुतळा आहे. लोक त्याला उभ्या विजेत्याच्या थाटात पाहायला जातात आणि तो तर बसलेला असतो, मान खाली घालून. समोरच्या कुंपणावर देशोदेशीचे लोक झेंडे आणि फुले बांधून जातात. त्यांत रात्झेनबर्गरच्या देशाचेही झेंडे असतात.